खिशातला कॅमेरा आणि संथपणाचे स्तोम

फिल्मच्या कॅमेऱ्याकडे परत वळलेल्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत एक सिद्धान्त रूढ केला आहे. फिल्म माणसाला संथ करते. रोलमध्ये छत्तीसच फ्रेम असल्याने ती प्रत्येक फ्रेममागे विचार करायला लावते. सबब फिल्मवरचे छायाचित्रण डिजिटलपेक्षा अधिक प्रामाणिक, जवळजवळ अधिक नैतिक होय. साहित्याच्या प्राध्यापकांना हा युक्तिवाद फार भावतो. टाकाने लिहिलेले हस्तलिखित आणि संगणकावर टंकलेला मजकूर यांविषयी आपण वर्गात जे हळहळून बोलतो, त्याचीच ही धाकटी आवृत्ती. मला तो सपशेल चुकीचा वाटतो, आणि हे मी झब्ब्याच्या खिशात रोज एक फिल्म कॅमेरा आनंदाने बाळगणारा माणूस म्हणून म्हणतो आहे.

तो कॅमेरा म्हणजे ऑलिंपस एक्सए. योशिहिसा माइतानी या अभिकल्पकाने तो घडवला आणि १९७९ साली तो बाजारात आला. त्याआधी, १९५९ साली, याच माइतानींनी ऑलिंपस पेन केला होता, ज्यात छत्तीसच्या रोलवर बहात्तर अर्ध्या चौकटी बसत. (काटकसरीने माणूस विचारी होतो म्हणणाऱ्यांनी या बहात्तरांचे काय करायचे ते ठरवावे.) एक्सएचे वजन सुमारे सव्वादोनशे ग्रॅम. भिंगावर सरकते झाकण, म्हणून वेगळी पिशवी नको. झाकण सरकवले की कॅमेरा तयार. त्याच्या खुणांमध्ये एफ ५.६ आणि तीन मीटर या दोन तेवढ्या नारिंगी रंगात आहेत. दोन्ही कळी त्या खुणांवर आणून ठेवल्या की साधारण दोन ते पाच मीटरांमधले सारे पुरेसे स्पष्ट येते. मग नेम धरणे नाही, अंतर जुळवणे नाही. शटरची कळ बोट टेकताच सुटते आणि आवाज जवळपास होतच नाही. आता मला सांगा, हे यंत्र कोणाला संथ करण्यासाठी बनवले आहे? भाजीवाली पैसे मोजता मोजता जांभई देते, त्या अर्ध्या सेकंदासाठी ते बनवलेले आहे. त्याची सगळी बुद्धी घाईच्या सेवेला लावलेली आहे.

रस्त्यावरच्या छायाचित्रणाच्या इतिहासात ही घाई मुळातच आहे. ती झाकली गेली एका भाषांतराने. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचे १९५२ सालचे पुस्तक इंग्रजीत ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ म्हणून आले आणि त्यापासून ‘निर्णायक क्षण’ हे शब्द आपल्याकडेही पोथीतल्या सूत्रासारखे उच्चारले जातात. मूळ फ्रेंच शीर्षक आहे ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ म्हणजे घाईघाईने, चोरटेपणाने. परवाना नसलेला फेरीवाला पदपथावर चादर पसरून माल विकतो आणि पोलीस दिसताच चादरीची चार टोके धरून पळतो, त्या विक्रीला फ्रेंचमध्ये हा शब्दप्रयोग लावतात. इंग्रजी शीर्षक पुस्तकाच्या प्रारंभी दिलेल्या कार्दिनाल द रेत्झच्या वचनातून उचललेले. फेरीवाला गेला, तत्त्वज्ञ आला! भाषांतरमीमांसेच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. खिशातला कॅमेरा मात्र अजून त्या फेरीवाल्याचाच आहे.

मग डिजिटल का नको? नको असे मी म्हणतच नाही. तोक्योच्या रस्त्यांवर रिकोच्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यांनी काम करणाऱ्या दाइदो मोरियामांनी पुढे छोटा डिजिटल कॅमेराही तितक्याच सहजपणे हाती घेतला. फिल्मचा माझा आनंद टिपण्याच्या गतीत नाही. तो टिपणे आणि पाहणे यांच्यामधल्या अंतरात आहे. गॅरी विनोग्रँड (त्याचा लायका काही खिशातला नव्हे, पण तो असो) रोल मुद्दाम दीर्घकाळ धूत नसे. फोटो घेतानाची मनःस्थिती विसरली जावी आणि चित्र चित्र म्हणून पाहता यावे, हा हेतू. १९८४ साली तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. अशा माणसाला फिल्मने संथ केले असे कोण म्हणेल? त्याने टिपण्यात हयगय केली नाही, निवाडा तेवढा लांबवला. कविता लिहून वहीत मिटून ठेवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. रोल आणि धुलाई दोन्ही महागली आहेत; मी जे पैसे मोजतो ते या विस्मरणाचे.

नैतिक श्रेष्ठत्वाचा दावा मात्र इथेच सर्वांत लंगडा पडतो. वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांची छायाचित्रे घेतली. पुस्तक आले १९६६ साली. म्हणजे फिल्म होती, संयम होता, पाव शतकाचे अंतर होते; आणि त्या प्रवाशांना कोणी विचारले नव्हते ते नव्हतेच. लहान कॅमेरा लपवता येतो, म्हणून तो हातात उघडा धरणे हे धरणाऱ्याचे काम आहे. फिल्म ते काम करून देत नाही.

उलट ती एक हक्क काढून घेते. बसस्थानकावरच्या चहावाल्याचा फोटो मोबाइलवर घेतला, तर तो “दाखवा बघू” म्हणतो, पाहतो, आवडला नाही तर “काढून टाका” म्हणतो, आणि आपण काढून टाकतो. एक्सएच्या पाठीवर दाखवायला काही नसते. आपला चेहरा कसा आला हे त्याला कळणार नाही, नाकारताही येणार नाही. महिन्याभराने रोल धुऊन येईल तेव्हा निवाडा करणार तो मी. माझ्या आनंदाचे जे कारण, तेच त्याच्या गैरसोयीचे. म्हणून ज्याने “दाखवा” म्हटले त्याला प्रिंट नेऊन द्यायची, आणि ती पाहून तो नको म्हणाला तर निगेटिव्हही कपाटातच राहील, एवढा करार मी स्वतःशी केलेला आहे. कित्येकदा माणूस पुन्हा भेटत नाही. जागा बदललेली असते, पाळी बदललेली असते. अशी न पोचलेली प्रिंट्सची चार पाकिटे सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत.