कापसाच्या जिल्ह्यातला बर्फाचा माणूस

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण काही विशेष नाही, नेहमीचा आळस! पण डिसेंबरात यवतमाळला दादाकडे चार दिवस राहून आले आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. म्हटलं, उतरवूनच टाकू. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे माहीत आहे, त्यामुळे वहिनी, आधीच सांगते, रागावू नकोस. यात चूक तुझी नाहीच.

झालं असं. माझी भाची चार वर्षांची. तिचं खरं नाव इथे देत नाही, समजा गौरी. तिच्या नर्सरीतून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की उद्या 'नेम स्नोमॅन' करून पाठवा. म्हणजे बर्फाचा माणूस करायचा आणि त्याच्या पोटावरच्या एकेका बटणावर मुलाच्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर. हेतू काय, तर ऋतूप्रमाणे हस्तकला आणि त्यातून मुलाला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग यावं. हेतूला नावं ठेवत नाही, तो चांगलाच आहे.

गौरीने संध्याकाळी स्वतः एक केला. गोल जमले नव्हते, बटणं पोट सोडून डोक्यावर चिकटली होती. वहिनी म्हणाली, "असा नाही चालणार, मागच्या वेळी 'नीट करून आणा' म्हणून परत आला होता." मग रात्री अकरापर्यंत मी आणि वहिनी बसलो. मेडिकलमधून कापसाचा गुंडाळा आणला, चकत्या कापल्या, सुबक स्नोमॅन तयार. गौरी केव्हाच झोपली होती. सकाळी आजीने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हे काय होय वं माय? बुजगावणं होय काय? अन् घरात कापूस असून इकत आणला?"

आम्ही हसलो. पण मग मी गौरीला बटणं दाखवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" ती म्हणाली, "स्नोमॅन." मी म्हटलं, "अगं, तुझं नाव आहे ना हे?" तर ती घडाघडा म्हणाली, "जी-ए-यू-आर-आय!" आणि लगेच हळू आवाजात, "पण मला नाव करता येत नाही. आईला येतं."

हसणं तिथेच थांबलं बघा. चार वर्षांच्या मुलीला नाव शिकवायला निघालो आणि शिकवलं काय, तर तुझं नाव तुला करता येत नाही!

आता माझं म्हणणं. मूल जे पहिलं लिहू पाहतं ते बहुधा स्वतःचं नाव असतं. एमिलिया फेरेइरो या बाईंनी लहान मुलं लिहिणं कसं समजून घेतात यावर १९७९ साली आना तेबेरोस्की यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं. मुलं नुसती अक्षरं पाठ करत नाहीत, लिहिण्याबद्दल स्वतःचे नियम बांधतात, हे त्यात दिसतं. उदाहरणार्थ, मोठ्या वस्तूचं नाव लांब असणार असं त्यांना वाटतं. मराठीत पाहा ना, हत्ती दोन अक्षरी आणि फुलपाखरू पाच अक्षरी! हा गोंधळ मुलाला स्वतः सोडवायचा असतो. त्यासाठी लिहिलेलं आणि बोललेलं यांचं काही नातं आहे, हे कळायला हवं.

आणि इथेच ते स्पेलिंग आड येतं. गौरी या नावात तिला ऐकू येतं 'गौ' आणि 'री'. दोन तुकडे, देवनागरीत दोन अक्षरं. टाळी वाजवून मोजता येतात. इंग्रजीत पाच. त्यातलं पहिलं म्हणायचं 'जी', वाचायचं 'ग'. 'गौ' साठी कोणी ए-यू लिहितं, कोणी ओ-डब्ल्यू. अंकशास्त्रवाल्याकडे गेलात तर शेवटी आणखी एक आय! चार वर्षांच्या डोक्याने यातून कोणता नियम काढावा? मग ती पाठ करते. फोन नंबर पाठ करतात तसं.

"पण शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, इंग्रजीच शिकवणार ना?" दादा म्हणालाच. शिकवू दे की! इंग्रजी स्पेलिंग यायलाच हवं, सहा महिन्यांनी येईल. पण आधी नाव जसं ऐकू येतं तसं हाताखालून जाऊ दे. देवनागरीही सगळी सोपी नाही, हे मान्य. 'श्रेयस' किंवा 'प्रज्ञा' असेल तर पंचाईतच. म्हणून तर लिहायचं नाही, मांडायचं. आपल्या जिल्ह्यात कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणारी घरंही आहेत. त्या मुलांना तर मराठीच नवी असते. पण स्वतःचं नाव घरी रोज ऐकलेलं असतं, आणि देवनागरीत ते बरंचसं तसंच उतरतं.

दुसरा मुद्दा ऋतूचा. यवतमाळला बर्फ पडतो तो फक्त सरबतात! शाळेच्या फळ्यावर ऑक्टोबरात केशरी पानगळ लावलेली असते. आपल्याकडे तेव्हा शेतात कापूस फुटतो. सागाची पानं गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि एकेक पान पाटीएवढं. ज्या ऋतूला मूल हात लावू शकत नाही तो त्याला कागदावरूनच शिकावा लागतो. मग नावही कागदाचं आणि ऋतूही कागदाचा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. शिंपले, खडे, बिया, पानं हीच त्यांची साधनं. कारण मुलांच्या अंगणात तीच होती. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला तिथूनच मिळाला. आता सरकारी आराखडेही खेळातून आणि घरच्या भाषेतून शिकवा म्हणतात. आणि आपण मात्र परदेशी नमुने छापून घेतो, रात्री अकरापर्यंत कापत बसतो.

आपल्याकडे काय कमी आहे? मृगाच्या पावसानंतर ओल्या मातीत काडीने अक्षर काढा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजतोच, त्याच्या झुलीवर एका बाजूला 'गौ', दुसऱ्या बाजूला 'री' चिकटवा. दिवाळीनंतर घरचा कापूस मोठ्या अक्षरावर बोटांनी लावा, सरकी काढायला मुलांना भारी मजा येते. होळीच्या आधी पळसाची फुलं पाण्यात भिजवा आणि त्या रंगात बोट बुडवून नाव काढा. उन्हाळ्यात चिंचोके. अट एकच, हात मुलाचे हवेत. वाकडं झालं तर वाकडं लावा भिंतीवर. आणि शाळेतल्या बाईंना हात जोडून विनंती, सुबक ते परत पाठवा, वाकडं ते ठेवून घ्या.

निघायच्या आदल्या दुपारी आजीने डब्यातले चिंचोके काढले. मी फरशीवर खडूने भलंमोठं 'गौरी' लिहिलं. गौरीने त्यावर एकेक चिंचोका ठेवायला सुरुवात केली. 'री'ची वेलांटी जमेना, चिंचोके संपले, मग आजीने तुरीचे दाणे दिले. झाल्यावर 'गौ'वर पाय ठेवून "गौ" म्हणाली, उडी मारली, "री!" मग तोंड पाडून म्हणाली, "बाबाचं नाव मोठं का? माझं छोटं का?"

तिची तक्रार अगदी रास्त होती. आणि "मला येत नाही" हे त्या दिवशी ती एकदाही म्हणाली नाही.

असो. तो स्नोमॅन शाळेत भिंतीवर लागलाय म्हणे, सगळ्यात सुंदर म्हणून. बक्षीस खरं तर वहिनीला मिळायला हवं.

तुमच्या घरच्या पिल्लांचं नाव पहिल्यांदा कशाने मांडलं होतं, जरूर लिहा.