दोरा आधी, पाकीट नंतर

पाऊस सरला की गोकर्णाच्या शेंगा तपकिरी होऊ लागतात, गणेशवेलीची बोंडं वाळतात आणि बागेबागेत बी गोळा करण्याची लगबग सुरू होते. पण ती होते उशिरा. बहर ओसरल्यावर वेलीवर उरलंसुरलं असेल ते ओरबाडायचं, सगळं एका पाकिटात कोंबायचं आणि वर ‘गोकर्ण’ एवढंच लिहायचं, ही आपली रीत. पुढच्या पावसाळ्यात दुहेरी निळ्याच्या जागी एकेरी पांढरं फूल आलं की बोल लागतो बियाण्याला.

गोकर्ण बहुतांशी स्वपरागित आहे. म्हणजे निवडलेल्या वेलीचा रंग आणि पाकळ्यांची ठेवण बियांतून बरीचशी तशीच उतरते. घोळ परागाचा कमी, पाकिटाचा जास्त. म्हणून वेल ऐन भरात असतानाच निवड करा आणि तिच्या देठाला रंगीत दोरा बांधा. पूजेची फुलं इतर वेलींची खुडा. या वेलीच्या पहिल्या भरदार शेंगा बियांसाठी राखा. शेंग हिरवी तोडली तर दाणा सुरकुततो. वेलीवर तडकू दिली तर दोन्ही फाकी पीळ खातात आणि बी उडून जातं. तपकिरी झाली, हलवल्यावर खुळखुळली, की तोडायची. गोकर्ण अजून फुलत असेल, तर यंदाही वेळ गेलेली नाही.

नोंदीचं मोल जपानी हौशी मंडळींनी ओळखलं होतं. एकोणिसाव्या शतकात तिथे मॉर्निंग ग्लोरीच्या, त्यांच्या ‘असागाओ’च्या, चिरलेल्या-दुमडलेल्या पाकळ्यांच्या अजब जातींचं वेड होतं. त्यांतल्या सर्वांत विलक्षण वेलींना बीच धरत नसे. मग त्यांच्या साध्या दिसणाऱ्या सख्ख्या भावंडांचं बी राखायचं. पुढच्या पिढीत काही रोपं पुन्हा तशीच निघायची. मेंडेलचा १८६६ चा निबंध छापून येण्याआधीपासून हे चाललं होतं. कोणतं बी कोणत्या वेलीचं, हे ठाऊक नसतं तर ते जमलंच नसतं.

दुसरी नेहमीची तक्रार ‘उगवलंच नाही’ ही. गोकर्ण आणि मॉर्निंग ग्लोरीच्या बीचं कवच टणक असतं. पाणी आत शिरलं नाही तर बी जिवंत असूनही मातीत पडून राहतं. डोळ्याची बाजू सोडून कवच पॉलिश पेपरवर जेमतेम घासा आणि बी रात्रभर भिजवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा, टणक राहिलेल्या पुन्हा घासा. पेरणी थेट मोठ्या कुंडीत किंवा कागदी कपात करा, कारण मुळं दुखावलेली या वेलींना सोसत नाहीत. मॉर्निंग ग्लोरीचं बी विषारी असतं, तेव्हा ते मुलांच्या हाती लागू देऊ नका. जाई, जुई, मधुमालती, बोगनवेल यांच्यासाठी मात्र बियांच्या नादी लागू नये. त्या कलमानेच लावाव्यात.

बियांची देवघेव करताना पाकीट कागदीच असू द्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: वेलीचं नाव, फुलाचा रंग, पाकळ्या एकेरी की दुहेरी, बी धरल्याचा महिना. कोरं पाकीट कुणी दिलं तर अवश्य घ्या, पण ते वेगळ्या कुंडीत पेरा आणि फूल पाहिल्याशिवाय त्याचं बी पुढे कुणाला देऊ नका.