बायोडाटातला एक शब्द



गेल्या महिन्यात आमच्या नातीचा वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म भरायला घेतला. शिक्षणाच्या रकान्यात तिने स्वतः लिहिलं होतं, 'शिल्पकला, शेवटचं वर्ष'. मी म्हटलं, "अगं, नुसतं फाईन आर्ट लिही. नाहीतर इंटिरिअर लिही, लोकांना पटकन कळतं." ती एवढंच म्हणाली, "आजी, मी इंटिरिअर शिकत नाही." आणि उठून गेली. फॉर्म तसाच राहिला. त्या दिवसापासून मी विचार करते आहे आणि मला वाटतं, चूक माझी होती. आपल्यातल्या बऱ्याच जणींची हीच चूक होते, म्हणून लिहिते.

आपण रोज बस्तीत जातो. डोळे मिटतो ते मूर्तीपुढे, उघडतो तेही मूर्तीपुढे. अभिषेक मूर्तीवर, पंचकल्याणक मूर्तीचं. इतकं शिल्पावर उभं असलेलं आपलं घर, आणि घरातली मुलगी शिल्प शिकते म्हटलं की आपला चेहरा उतरतो! "म्हणजे गणपती करणार का?" असं मंडळातल्या एका वहिनींनी तिला विचारलं होतं. मीही तेव्हा हसले होते. आता त्या हसण्याची लाज वाटते.

शिल्प शिकणं म्हणजे काय, हे मी या चार वर्षांत तिच्याकडे बघून थोडंफार शिकले. पहिलं वर्ष नुसतं ड्रॉइंगचं. प्लास्टरचा कान, प्लास्टरचं नाक, हजारदा तेच. एस.टी. स्टँडवर बसून माणसांची पाच-पाच मिनिटांची स्केचेस. मग माती. आधी लोखंडी सळई आणि तारेचा सांगाडा, त्यावर माती थापायची. काम संपेपर्यंत ती ओली राहायला हवी, म्हणून रोज रात्री ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिक. आपण कणीक झाकून ठेवतो ना, तसंच. मग प्लास्टरचा साचा, साच्यातून शेवटचा नग. दुसऱ्या वर्षी साचा फोडताना तिच्या कामाचं एक बोट तुटलं. जोडून चाललं असतं, पण तिने पूर्ण हात पुन्हा केला. एखादी सून करंजी फुटली म्हणून सगळा घाणा परत करेल का?

तो हात माझाच होता बरं का. सुपात तांदूळ निवडणारे दोन हात. ती म्हणाली, "आजी, तू दाणे बघत नाहीस, दाण्यांमधली हालचाल बघतेस." जीव राहू नये म्हणून आपण धान्य शोधून घेतो, ते इतक्या वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती दुसऱ्याने दिलेलं नाक काढत होती, आता तिला काय करायचं ते तिच्या स्वयंपाकघरातून सुचतं. मला वाटतं, विद्यार्थी आणि कलाकार यांच्यातला रस्ता तो हाच असावा.

आता आपल्या शंकांकडे येते. पहिली शंका धर्माची. माती खणायची, रंग वापरायचे, यात हिंसा नाही का? हा प्रश्न माझ्याआधी तिनेच स्वतःला विचारला. ब्रश बहुधा प्राण्यांच्या केसांचे असतात, ती नायलॉनचे वापरते. जलरंगाच्या कित्येक चांगल्या कागदांना जिलेटिनचा हात दिलेला असतो, म्हणून दुकानदाराला विचारून घेते. 'आयव्हरी ब्लॅक' नावाचा काळा रंग हाडं जाळून करतात, तो तिच्या डब्यात नाही. माती चाळून, बघून घेते. आपण लिपस्टिकच्या डब्यावरची बारीक अक्षरं कधी वाचली आहेत का, हे प्रत्येकीने मनाला विचारावं.

दुसरी शंका जरा खाजगी आवाजात विचारली जाते. "तिथे उघडी शरीरं बघून चित्रं काढतात म्हणे." हो, शरीराचा अभ्यास करतात. हाड कुठे, स्नायू कुठे, ते कळल्याशिवाय माणूस उभा करता येत नाही. पण मैत्रिणींनो, आपण दिगंबर. कुंभोजला 28 फुटी बाहुबली भगवंतांपुढे लेकीसुनांना घेऊन आपण हात जोडून उभ्या राहतो. तिथे जर आपली नजर निर्मळ राहते, तर वर्गात शिकणाऱ्या पोरीच्या नजरेवर संशय का?

2018 च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो, तेव्हा ती शाळेत होती. मी जप करत बसले, ती पायांवर चढलेली वेल वहीत काढत बसली. परवा तिने ती वही काढून मला समजावलं. 57 फुटांची मूर्ती, मांडीच्या वर मागे कसलाच आधार नाही. पायांशी वारूळ आणि वेली आहेत, त्या भगवंतांच्या तपाची खूण तर आहेतच, पण खालच्या बारीक पायांना जाडी देऊन एवढा भारही पेलतात. मी इतकी वर्षं भक्तीने पाहिलं, पण हे पाहिलं नव्हतं. तिच्यामुळे माझं दर्शन वाढलं, कमी झालं नाही.

त्याच मूर्तीच्या पायाशी मराठीतला एक फार जुना लेख आहे. चावुंडरायाने हे करविलं, असा त्याचा अर्थ. करविलं! ज्याने केलं त्याचं नाव त्या ओळीत नाही. आपल्या बस्तीतही दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी असते. जयपूरहून आलेली मूर्ती कुणाच्या हातची, हे आपण कधी विचारलंय? दानाचं पुण्य मोठं आहेच, पण छिन्नी धरणारा हात आपण हिशोबातून वगळला आहे. त्यामुळेच तो हात आपल्या मुलीचा असला की आपल्याला कमीपणा वाटतो.

राहिली पैशाची बाजू. मी कॉमर्सची, ती मी नाकारणार नाही. या कामात महिन्याच्या एक तारखेला पगार येत नाही. कदाचित तिला शाळेत चित्रकला शिकवावी लागेल, सेटची कामं करावी लागतील. पण 1896 च्या सुमारास जे.जे.मध्ये शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे यांनी देवळाकडे निघालेली स्त्री घडवली. 'मंदिरपथगामिनी' म्हणून ती आजही ओळखली जाते. तीही एका विद्यार्थ्याचंच काम होती. सगळे म्हात्रे होत नाहीत, सगळे सी.ए.सुद्धा यशस्वी होत नाहीत. पण सी.ए.च्या मुलाला आपण 'दुसरं काहीतरी लिही' असं सांगत नाही.

म्हणून एवढंच सांगणं आहे. आपल्या ओळखीत अशी एखादी मुलगी असेल, तर तिच्या कॉलेजचं प्रदर्शन लागलं की जाऊन या. गणपती करतेस का, हे विचारू नका, काय करते आहेस ते विचारा. मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालतो तशी तिच्या कामाभोवती एक फेरी मारा, कारण शिल्प एका बाजूने कळत नाही. अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो, तिथे तो पायांनी चालून बघता येतो.

आमचा फॉर्म काल दिला. रकान्यात 'शिल्पकला' असंच लिहिलं आहे, माझ्या अक्षरात. स्थळं थोडी कमी येतील. येतील ती वाचून येतील.

जय जिनेंद्र.