यादी जोडताय? आधी एवढं बघा

सोसायटीचा मेंटेनन्स, वाचनालयाचे सभासद, लहानशा पतसंस्थेचे खातेदार. असल्या नोंदींसाठी तुमच्यापैकी काहीजण मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस वापरत असाल. मग एक दिवस कोणीतरी म्हणतं, "वसुली एक्सेलमध्ये आहे ना, ती जोडून टाका की!" जोडा, जरूर जोडा. पण घाई करू नका.

'एक्स्टर्नल डेटा'वर जाऊन फाइल निवडली की ॲक्सेस तुम्हाला विचारतं, इम्पोर्ट करायचं की लिंक? हा प्रश्न न वाचताच बरेचजण 'ओके' दाबतात. पुढचा बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

इम्पोर्ट म्हणजे झेरॉक्स. ज्या दिवशी काढली, त्या दिवसापुरती खरी. नंतर खजिनदारांनी मूळ फाइलीत पैसे जमा दाखवले, तरी तुमच्या यादीत तो सभासद थकबाकीदारच राहतो. मग त्याला नोटीस जाते. पैसे भरलेल्या माणसाच्या हातात थकबाकीची नोटीस पडली की पुढे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आणि तीच फाइल त्याच टेबलात दुसऱ्यांदा जोडलीत, तर एकेक पावती दोनदा दिसू शकते.

लिंक केली की मूळ फाइलच तुमच्या समोर येते. तिथे बदल झाला की तुम्हालाही दिसतो. रोज बदलणाऱ्या हिशेबाला लिंकच बरी. वर्ष संपल्यावर ऑडिटसाठी आकडे ठेवायचे असतील, तर इम्पोर्ट करा.

एक्सेलची फाइल लिंक केली तर ॲक्सेसमधून ती नुसती वाचता येते, दुरुस्त करता येत नाही. काहींना याचा राग येतो. माझ्या मते हे चांगलंच आहे. मूळ हिशेब एकाच्याच हाती राहतो. दुसरी ॲक्सेस फाइल किंवा एसक्यूएल सर्व्हर जोडलात तर मात्र जपा. तिथे परवानगी असेल, तर तुम्ही खोडलेली ओळ मूळ जागेवरूनही जाते. यादीतून लिंकचं नावच काढलं तर फक्त जोडणी तुटते, मूळ माहिती राहते. तरीही आधी मूळ फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नका.

आता आकड्यांकडे बघा. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच नेमकी संख्या धरतं. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून भरलात, तर शेवटचा आकडा शून्य होतो. शून्याने सुरू होणाऱ्या सभासद क्रमांकाचं पुढचं शून्य गळतं. म्हणून खाते क्रमांक, मोबाइल, पिनकोड हे सगळे रकाने आधीच 'टेक्स्ट' करा. ज्यांची बेरीज कधी करायची नाही, ते आकडे मजकूर म्हणूनच राहू द्या.

बँकेकडून सीएसव्ही फाइल आली, तर ती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका आणि सेव्ह तर मुळीच करू नका. सरळ ॲक्सेसमध्ये घ्या. तिथे 'ॲडव्हान्स्ड' बटण असतं. त्यात तारखेचा क्रम दिवस, महिना, वर्ष असा लावा, नाहीतर ४ मेची पावती ५ एप्रिलला जाऊन बसेल. फाइल युटीएफ-८ मध्ये असेल तर त्याच ठिकाणी तेही निवडा, म्हणजे मराठी नावं नीट दिसतील. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या मात्र अशाने सुधारत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं.

लिंक केलेल्या फाइलीचं नाव बदलू नका, तिची जागाही हलवू नका. हलवावीच लागली तर 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मध्ये नवा पत्ता द्या. आणि ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा. फोल्डर 'आवरून ठेवणारा' एखादा उत्साही माणूस सगळीकडे असतोच.

सर्व्हरला जोडताना पासवर्ड सेव्ह करायचा का, असा प्रश्न येतो. 'नाही' म्हणा. तो पासवर्ड फाइलीत कुलूप न लावताच साठवला जातो. फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याला तो काढता येईल. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडून तुमच्यासाठी फक्त वाचण्याची परवानगी असलेलं वेगळं खातं मागून घ्या. अहवाल काढायला तेवढं पुरतं.

ॲक्सेस विकत घेणं परवडत नसेल, तर लिबरऑफिस बेस फुकट मिळतं. तेही एक्सेलच्या फाइलींना जोडता येतं, आणि तिथेही त्या फक्त वाचता येतात.

जोडणी झाली की लगेच नोटिसा छापू नका. मूळ फाइलीतल्या ओळी मोजा, तुमच्याकडच्या मोजा. दोन्हीकडची एकूण रक्कम ताडून बघा. एका पैशाचा जरी फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत प्रिंटर बंद ठेवा.