दार वीस हजार मीटर उंच

परवा लेकीची गणिताची वही चाळत होते. तिसरी-चौथीतली नेहमीचीच गणितं. एका दाराची उंची २०० सेंटिमीटर, तर मीटरमध्ये किती? बाईसाहेबांनी भागायच्या ऐवजी गुणलं होतं. उत्तर : २०,००० मीटर. म्हणजे दोन एव्हरेस्ट एकावर एक ठेवली तरी दार वर शिल्लक! शाळेत त्यावर लाल फुली मिळाली होती. फुलीचं मला काहीच वाटलं नाही. उत्तर लिहिताना पोरीला हसू आलं नाही, याचं मात्र वाटलं.

माझं आपलं साधं मत आहे. आपण मुलांना रूपांतराची गणितं ढीगभर देतो, पण मोजायला काहीच देत नाही.

त्या रविवारी दोघांना जेवणाचं टेबल वितीने मोजायला लावलं. लेकीच्या आठ विती, माझ्या साडेसहा, बाबांच्या साडेपाच. धाकट्याने लगेच विचारलं, "मग टेबल खरं केवढं?" झालं! याच प्रश्नासाठी तर टेप जन्माला आली. प्रश्न न पडताच तिच्यावरचे आकडे पाठ करायचे, म्हणून ते डोक्यात राहत नाहीत.

मग आजींनी (माझ्या सासूबाई) माळ्यावरून पितळी मापटं काढायला लावलं. दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हे त्यांना अजून तोंडपाठ. मुलांनी त्याच मापट्याने एकदा तांदूळ भरले, एकदा जाडे पोहे, आणि दोन्ही वजनकाट्यावर टाकले. माप एकच, पण तांदूळ पोह्यांच्या दुपटीहून जड. लेक बराच वेळ काट्याकडे बघत बसली होती.

आता कुणीतरी म्हणेलच की १९५६ च्या कायद्याने हा सगळा घोळ संपवला, तुम्ही परत कुठे शेर-पायली काढता? अहो, मला ती परत आणायची नाही. गावोगावचा शेर वेगळा, त्यात गरीब गिऱ्हाईकच नाडलं जायचं. दशमान पद्धत आली ते फार बरं झालं. पण तोळा अजून सराफाकडे आहेच. मूळचा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, आता व्यवहारात सरळ दहाचा धरतात. जमीन गुंठ्यात विकली जाते आणि गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे वेगवेगळी मापं मुलांच्या वाट्याला येणारच आहेत. कुठे कुठलं चालतं आणि कुठलं अजिबात चालत नाही, हे त्यांना कळायला नको?

"अजिबात चालत नाही" हे मी उगाच म्हणत नाहीये. धाकटा दोन वर्षांचा असतानाची गोष्ट. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं होतं, पाच मिली, दिवसातून तीनदा. बाटलीचं मापाचं झाकण कुठेतरी हरवलं. मी म्हटलं, पाच मिली म्हणजे एक चमचा, त्यात काय एवढं. हाताला आला तो खिरीचा चमचा. ६० मिलीची बाटली चार दिवस पुरायला हवी होती, ती दोन दिवसांत संपली. पोरगं दिवसभर झोपून होतं आणि आम्ही औषध लागू पडलं म्हणून खूश! दुसरी बाटली घ्यायची का, म्हणून डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "संपली कशी?" त्यांनी तसंच ताबडतोब बोलावून घेतलं. सुदैवाने निभावलं. मी बी.एस्सी. झालेली बाई. रूपांतराच्या गणितात माझे कधी मार्क गेले नाहीत. त्या चमच्यात मावतं किती, हे मात्र मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. दहा मिली मावतं.

असो. गेल्या आठवड्यात मुलांनी औषधाच्या झाकणाने घरातले सगळे चमचे पाणी भरून मोजले आणि प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली. चहाचा चमचा ४, भाजीचा १२... आमटीच्या डावात ६० मिली मावलं, तेव्हा धाकटा ओरडला, "आई, अख्खी बाटली!" आजींनी डावावरची चिठ्ठी तेवढी काढायला लावली. म्हणाल्या, आमटीत पडेल.