नवा कॉम्प्युटर आला, पण जुन्यातलं काय?



विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच घरांत कॉम्प्युटर बदलायचं घाटू लागलं. कोणता घ्यायचा, केवढ्याला घ्यायचा यावर चार दिवस चर्चा होते. जुन्यातलं नव्यात कसं न्यायचं यावर मात्र एकच वाक्य ऐकू येतं, "दुकानातला मुलगा देईल करून." माझं मत स्पष्ट आहे. हे काम त्या मुलावर सोडायचं नाही. ते आपण स्वतः बसून करायचं.

तो मुलगा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो उचलतो. त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. पण 'न्यू फोल्डर ३' मध्ये सासूबाईंच्या आवाजातलं भक्तामर आहे, हे त्याला कसं कळणार? टॅलीचे हिशेब सहसा डॉक्युमेंट्समध्ये नसतात, त्यांचं फोल्डर वेगळं असतं. डेस्कटॉपवरचं चित्र कित्येकदा नुसता शॉर्टकट असतो. तो नेला तरी खरी फाइल जुन्यातच राहते. सासऱ्यांचे रिपोर्ट, महिला मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, पर्युषणातल्या पारण्याच्या याद्या कुठे आहेत, हे घरात बहुधा आपल्यालाच माहीत असतं.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "आता डिस्क मोठी आहे, सगळं कोंबा." दुसरा आपल्यातल्याच काहीजणींचा, "अपरिग्रह म्हणतो ना आपण, मग टाका पुसून आणि मोकळ्या व्हा." मला दोन्ही पटत नाहीत. एकाच फोटोच्या सात प्रती सांभाळणं हा परिग्रहच. पण घाईघाईत पुसणं म्हणजे अपरिग्रह नव्हे, तो निष्काळजीपणा. धान्य निवडल्याशिवाय आपण दळायला देत नाही, तसं ते फेकूनही देत नाही. म्हणून आधी सगळं उतरवून घ्यावं, निवडत बसावं नंतर, सावकाश.

ही शिस्त आपल्याला नवी नाही. श्रुतपंचमीला, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, आपण ग्रंथ बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवं वेष्टन घालतो. ज्या षट्खंडागमासाठी हा दिवस, त्याची धवला टीका मूडबिद्रीला ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत शतकानुशतकं जपली गेली. पुढे तिच्या नागरी प्रती झाल्या आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला भाग आपल्या अमरावतीहून प्रकाशित झाला. पान जीर्ण होण्याआधी कुणीतरी ते दुसऱ्या पानावर उतरवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. आणि प्रत झाली म्हणून ताडपत्रं कुणी टाकून दिली नाहीत.

आपणही तसंच करावं. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. फाइल 'कट' करू नका, 'कॉपी'च करा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी मूळ जागेवर राहतं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि आकार ताडून बघा. प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-चार फाइली उघडा, रेकॉर्डिंग ऐका. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड विसरू नका. जुनं मशीन निदान महिनाभर ठेवा, कारण काय राहिलं ते कामाच्या वेळीच आठवतं. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक घराबाहेर, मुलीकडे किंवा भावाकडे.

मराठीची एक खास अडचण आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपण स्तोत्रं, आरत्या टाइप केल्या त्या बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, लिपीची किल्ली हरवलेली असते. म्हणून फॉन्टही सोबत न्या, जुन्यावरच त्या फाइलींची पीडीएफ करून ठेवा आणि जमेल तसं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. मग मात्र शब्दन् शब्द तपासा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत गडबड करतो, आणि पाठात एक मात्रा चुकली तरी अर्थ बदलतो.

सगळं नीट पोचल्याची खात्री झाल्यावरच जुन्याला निरोप द्या. नुसतं 'डिलीट' केल्यानं हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही, त्याची नोंद तेवढी जाते. म्हणून रिसेट करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि त्यातला 'क्लीन डेटा' हा पर्याय निवडा, नाहीतर आधार, पॅन आणि बँकेचे कागद परक्या हाती जातील. मशीन चालू असेल तर पाठशाळेला किंवा गरजू विद्यार्थ्याला द्या. बंद पडलं असेल तर अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या, भंगारवाल्याला नको. तांब्यासाठी उघड्यावर वायरी जाळतात, धातूसाठी आम्ल वापरतात, आणि ते विष शेवटी माती-पाण्यातल्या जिवांपर्यंत जातं. मुंगीला जपणाऱ्या घरानं एवढं बघायलाच हवं.

या कामाला दोन दुपारी लागतात. सून किंवा नात शेजारी बसली तर अर्धा वेळ पुरतो, आणि घरात काय कुठे आहे हे तिलाही कळतं. सासूबाईंचं भक्तामर नव्या कॉम्प्युटरवर वाजलं, की मगच जुन्याची वायर काढा.