सोयाबीनमधली तूर

परवा मेडशीच्या शिवारात एक भाऊ भेटले. म्हणाले, "साहेब, पोट्टं दिसभर पेटी घेऊन गात रायते. टीव्हीवरचे गवई म्हने एका रातीत मोठे होतात. याचं कसं होईन?"

मी त्यांना फ्रेडी मर्क्युरीची गोष्ट सांगितली. जन्म १९४६ चा, झांजिबार बेटावरचा. हा पारशी मुलगा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. तिथेच पियानो शिकला, मित्रांबरोबर वाद्यवृंद काढला. १९६४ साली कुटुंब इंग्लंडला गेले. तिथे तो चित्रकला शिकला, पोटासाठी लंडनच्या बाजारात जुने कपडेही विकले. १९७० मध्ये 'क्वीन' हा रॉक वाद्यवृंद उभा राहिला आणि १९७५ साली त्याचे गाणे ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, एका रात्रीत झाले!

सोयाबीनमधली तूर आठवा. सोयाबीन उभे असते तोवर ती खुजी दिसते. मुळ्या मात्र खोल जात असतात. सोयाबीन निघाले की तीच झपाट्याने वाढते.

म्हणून भाऊंना म्हटले, पेटी हिसकावू नका आणि शाळाही सुटू देऊ नका. दोन्ही पिके एकाच वावरात येतात.